सोमवारची ग्रामसभा

“तोंडाला मौन, सूनबाई. हातापायांना नव्हे.”

सासूबाई जाऊन वर्षं झाली, पण श्रावणी सोमवारी त्यांचा आवाज धोंडूबाईंच्या कानात हटकून यायचा. आजही आला. त्या देवापुढची पितळी घंटा चिंचेनं घासत होत्या. सोमवारी उठल्यापासून दिवेलागणीला उपास सोडेपर्यंत त्या अक्षर बोलत नसत. काही हवं असलं की ही घंटा वाजवत. एक टोल झाला की घर जागच्या जागी थांबे. धाकटा दीर नारोबा गावचा सरपंच. चावडीवर दहाजणांचं बोलणं मध्येच तोडणारा गडी, पण घंटा ऐकली की घास ताटात ठेवून “काय हवं, वहिनी?” म्हणत उठायचा. पोरक्या वयात त्याला न्हाऊमाखू घातलं ते धोंडूबाईंनीच.

आज दुपारी चावडीवर ग्रामसभा होती, तिसऱ्या नळाची.

गावात नळयोजना आली तेव्हा दोन नळ वरच्या आळीत बसले. तिसरा बौद्धवस्तीच्या तोंडाशी बसवायचा म्हणून ओव्हरसियर खुंटी ठोकून गेला होता. नारोबाला तो चौकाच्या बाजूला, हमरस्त्यावरच्या गॅरेजांपाशी हवा होता. तिथं त्याच्या मेहुण्याचा धाबा उभा राहत होता.

सोमवारी बेल तोडत नाहीत, म्हणून धोंडूबाई तो रविवारीच आणत. बेलाचं झाड वस्तीच्या कुंपणाला लागून. मागच्या रविवारी तिथं वस्तीतल्या पुतळाबाई डोक्यावर हंडा घेऊन उभ्या होत्या. ओढ्याकाठचा खड्डा उपसून आणलेलं पाणी, गढूळ, पावसाळ्यातलं.

“तुमच्या म्हादेवाला बेल आमच्या कुंपनावरचा चालतो, बाई, मंग आमच्या दारात नळच कसा चालत नाय?”

धोंडूबाईंनी हातातली फांदी खाली ठेवली.

“मी सभेत बोलते,” त्या हळूच म्हणाल्या. “शब्द देते तुम्हाला.”

“बगा हां. मागल्या सभेला आमाला चावडीच्या पायरीवरनंच माघारी लावलं. निरोप ठेवा म्हनं.”

“या वेळी मी येते तुमच्याबरोबर.”

घरी येऊन त्यांनी ते दिरालाही सांगितलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. नारोबा नुसता हसला होता. आणि शनिवारी दवंडी पिटली ती नेहमीच्या गुरुवारची नव्हे, सोमवारची.

“सोमवारी मी बोलत नाही, ठाऊक आहे ना, भावोजी?” त्यांनी विचारलं.

“तेच तर बरं, वहिनी. तुमाला दगदग नको. व्रत सांभाळा.”

काल बेल आणायला गेल्या तेव्हा पुतळाबाईंनी हंडासुद्धा खाली ठेवला नाही. “दीर हुशार हाय तुमचा,” एवढंच बोलून त्या चालू लागल्या.

आता नारोबा टोपी नीट करत ओटीवर आला.

“येतो, वहिनी. काय ठरलं ते सांजच्याला सांगतो.”

धोंडूबाईंनी मान हलवली. तो दिसेनासा होईपर्यंत त्यांची घंटा लख्ख झाली होती. त्यांनी पूजा केली, पिंडीवर बेल वाहिला, हात जोडले. रोज या वेळी पोथी उघडायच्या, ती आज तशीच राहिली. देव्हाऱ्यातली घंटा उचलून त्या उठल्या.

“सोवळ्यानं कुठं निघालात?” जाऊ ठमी चुलीपासून धावत आली.

धोंडूबाईंनी हनुवटीनं खालची, वस्तीची बाजू दाखवली. ठमीनं दाराकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिचाच भाऊ तो धाबेवाला. तिनं खुंटीवरची छत्री काढली आणि पुढं केली.

वस्तीत बाया धुवट लुगडी नेसून पुतळाबाईंच्या अंगणात बसल्या होत्या. जायचं की नाही, ते ठरत नव्हतं. धोंडूबाईंना बघून एकजण फिसकन हसली.

“आल्या!” पुतळाबाई उठल्या. “आवं, पन मुक्या मान्साला घेऊन आमी करावं काय? बोलायचं कुनी?”

धोंडूबाईंनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. मग पुढं होऊन पुतळाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

पुतळाबाई चटकन मागं सरल्या. “आवं, सोवळं तुमचं—”

हात हलला नाही. दुसऱ्या हाताचं बोट पुतळाबाईंच्या तोंडाकडे वळलं.

“मी?”

धोंडूबाईंनी होकार दिला.

“मी बोलीन. मला काय भ्या हाय? पन पायरीवर आडवलं, मधीच गप बसवलं, तर?”

धोंडूबाईंनी पदराआडून घंटा काढली.

ती घंटा गावात कुणाला ठाऊक नव्हती? पुतळाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या गालाला खळी पडली.

“हिच्या एका टोल्याला त्यो जेवता उठतो म्हनं.” त्यांनी पदर खोचला. “चला गं. उठा. हात वर करायला कुनाची जीभ लागत नाय.”

बारीक पाऊस होता. धोंडूबाई पुढं, त्यांच्या मागं बाया, अशा त्या चिखलाच्या वाटेनं चावडीकडे निघाल्या. छत्री एका हातात होती. दुसऱ्या हातात घंटा, आणि तिचा लोलक त्यांनी बोटांत घट्ट धरून ठेवला होता, पायरी येईपर्यंत.