धोंड्याची अंगठी

माझ्या नणदेच्या लग्नाचं जेवण नऊशे माणसांनी एका दुपारी खाल्लं. आम्ही ते चार वर्षं फेडत बसलो.

लग्न अकोल्याच्या लॉनवर झालं, कारण मुलाकडच्यांना अमरावतीचं मंगल कार्यालय हलकं वाटलं. माझे सासरे खुशालराव जिनिंगमधून घरी बसलेले, पेन्शन नाही. नवरा रोहित शाळेची व्हॅन चालवतो, मे-जूनमध्ये व्हॅन उभी आणि पगार अर्धा. पतसंस्थेनं विचारलं, घरात पगाराची पावती कोणाकडे आहे? ती माझ्याकडे होती. मी कापड मार्केटात एका ठोक दुकानात बिलिंगला बसते. म्हणून अर्जदार मी. साडेतीन लाख रुपये. आचलच्या लग्नाच्या अल्बमात माझा एकही फोटो नाही, मी वाढप्यांवर लक्ष ठेवत मागे उभी होते. कर्जाच्या कागदावर मात्र सातही पानांवर मी आहे.

हप्ता नऊ हजार आठशे. माझा पगार तेरा हजार. उरलेल्या बत्तीसशेत काय काय बसवायचं ते मला कोणी शिकवलं नाही, शिकावं लागलं. पहाटे उठून एका मेसला एकशे दहा पोळ्या देऊ लागले, पोळीला दीड रुपया. दाढ दुखायला लागली तर डॉक्टरांनी रूट कॅनल सांगितलं, साडेचार हजार. मी चारशे रुपयांत दाढ उपटून घेतली. आजही डावीकडून भाकर चावत नाही. पायल, माझी मुलगी, नऊ वर्षांची आहे, तिला सहलीचं विचारायचं नसतं हे ती आपोआप शिकली. मला याचा अभिमान वगैरे वाटत नाही. किळस येते.

आणि हे सगळं चालू असताना सासूबाई माणिकबाईंचा अकोल्याकडे देण्याचा ओघ थांबला नाही. दिवाळी झाली, पाठव. पंचमी आली, पाठव. तीन वर्षांपूर्वी धोंड्याचा महिना आला तेव्हा तर दोन हप्ते चुकवून जावयाला चांदीचं निरांजन आणि पँट-शर्ट दिला. चुकलेल्या हप्त्यांवर दंड लागला, दंडावर व्याज लागलं. निरांजन आचलच्या सासूच्या कपाटात आहे. दंड माझ्या नावावर होता.

दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, त्यालाच धोंडा म्हणतात. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात देव. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि अनारशांखाली काहीतरी चकाकणारं ठेवायचं. अनारसे नावाला असतात. महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसतात तरी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, कारण अख्खी अमरावती जावयांसाठी कापड फाडत असते. मी दिवसभर त्याचीच बिलं करते. एक म्हातारी पदराच्या गाठीतून दहा-दहाच्या नोटा मोजत होती आणि तिचा जावई बाजूला उभा राहून कापड अजून भारीतलं दाखवायला सांगत होता. आमचे कॅशियर शफीकभाई ते बघून मला हळूच म्हणाले, "आमच्यात हा महिना नसते बाई. आमच्यात जहेज बाराही महिने असते."

या शफीकभाईंकडेच माझे पैसे होते. घरात पैसा टिकत नाही म्हणून पोळ्यांचे पैसे मी दर शनिवारी त्यांच्याकडे ठेवायचे, ते एका वहीत लिहून सही करायचे. यंदा मेच्या सुरुवातीला पतसंस्थेचं पत्र आलं. तीस मेपर्यंत एकेचाळीस हजार एकरकमी भरले तर सतरा हजारांचा दंड माफ, खातं बंद. वहीत त्रेचाळीस हजार होते. चार वर्षांत पहिल्यांदा मला पंख्याखाली नुसतं पडून राहावंसं वाटलं.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी विषय काढला. यंदा सोनं पाहिजे म्हणाल्या. गेल्या धोंड्याला चांदी दिली तर आचलच्या सासूनं निरांजन उलटं करून छाप पाहिला म्हणे. सासरे टीव्हीकडे बघत होते. मी म्हटलं, पैसे नाहीत. त्या म्हणाल्या, आहेत, रोहितनं सांगितलं, दुकानात जमा करून ठेवले तुवा.

"आई, ते पैसे माह्ये नाहीत," मी म्हटलं. "तुमच्या जवायाच्या वऱ्हाडानं खाल्लेल्या जेवणाचे आहेत. जेवण पचलं, बिल राह्यलं."

त्यांनी दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. रोहित मात्र माझ्या बाजूनं बोलला. नाही जमत तं नाही जमत, म्हणाला. मला बरं वाटलं. मी मूर्ख.

कारण रोहितसुद्धा कोणाचा तरी जावई आहे. माझी आई कौशल्या दर्यापूरला एकटी राहते. वडील जाऊन बारा वर्षं झाली. अंगणवाडीत मदतनीस आहे. तिनं धोंड्याचं बोलावणं केलं. मला दुकानातून सुट्टी मिळेना, रविवारीच गर्दी. मी फोन करून तिला बजावलं होतं, टॉवेल-टोपी दे आणि तेहतीस बत्तासे दे, याच्यावर एक रुपया खर्च करशील तर मी परत कधी येणार नाही. ती हो हो म्हणाली. रोहित पायलला घेऊन गेला.

परत आला तेव्हा त्याच्या करंगळीत अंगठी होती. सोन्याची, दोन ग्रॅमची, वर मोर कोरलेला. दुसऱ्या बोटात शिरत नव्हती म्हणून करंगळीत. पायल म्हणाली, आजीनं बाबाले पाटावर बसवून घालून दिली. मी विचारलं, घेतलीस कशी? तो म्हणाला, "म्या मांगली का? तुह्या मायनं खुशीनं देल्ली." आणि हात पंख्याच्या वाऱ्याखाली धरून बघत बसला.

आईला फोन केला तर म्हणाली, साठवलेले होते. तिसऱ्या दिवशी दर्यापूरहून चंदाताईचा फोन आला. चंदाताई आईच्या बचत गटाची अध्यक्ष. तिला वाटलं मला माहीत असेल. आईनं गटाला मिळालेल्या बँकेच्या कर्जातून तीस हजार उचलले होते, महिन्याला अठ्ठावीसशेचा हप्ता, आणि हप्ता चुकला तर फोन करायला माझा नंबर दिला होता. मदतनिसाईचा पगार कधी वेळेवर येते का बाई, चंदाताई म्हणाली, म्हणून आधीच सांगून ठेवलं. कर्जाच्या कार्डाचा फोटोही पाठवला.

मी रोहितला म्हटलं, अंगठी मोड, पैसे आईला दे. तो म्हणाला, वाण परत करत नसतात, पाप लागते. मी म्हटलं, बाईला कर्जात घातल्याचं पाप कोणत्या खात्यात जाते? तो आंघोळीला निघून गेला. दोन दिवसांनी अंगठी बोटात दिसली नाही. विचारलं तर म्हणाला, घट्ट होती, ठेवून देल्ली. इकडे सासूबाई एकाएकी गोड झाल्या. सोन्याचा विषय बंद. एकदा तर मी कामावरून आले तर त्यांनी स्वतःहून चहा ठेवला. मला वाटलं, हरल्या.

पुढच्या रविवारी आचल आणि तिचा नवरा पियुष अकोल्याहून आले. पियुष मोटारसायकलच्या शोरूममध्ये आहे. लोकांना हप्त्यावर गाड्या विकतो, स्वतः रोखीनं काहीच घेत नाही, सगळं सासरहून येतं. त्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेऊन पुरण वाटलं, धोंडे उकडले. सासूबाईंनी परातीत त्याचे पाय धुतले. चौसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून खाली बसत नाही, ती त्या माणसाच्या बोटांच्या बेचकीतली धूळ काढत होती आणि तो मोबाईल बघत होता. मग वाणाचं ताट आलं. अनारशांवर विणलेला रुमाल, त्यावर लाल डबी.

त्यानं डबी उघडली. आत मोर होता.

मी वाढत होते, हातात धोंड्यांचं पातेलं होतं. रोहितकडे पाहिलं तर तो मान खाली घालून जेवत होता, भराभर. सासूबाई सांगत होत्या, बापू, यंदा आमी सोनंच करायचं ठरवलं होतं. पियुषनं अंगठी तळहातावर घेऊन हलवली, वजन पाहतात तशी. दोन ग्रॅमची दिसते, म्हणाला.

मी पातेलं खाली ठेवलं.

"जवाईबापू, थांबा जरा. ह्या आंगठीसंगं अजून एक वस्तू आहे, ते आई विसरल्या." मी मोबाईल काढला आणि चंदाताईनं पाठवलेला कार्डाचा फोटो त्याच्या ताटाजवळ धरला. "तीस हजार. महिन्याचे अठ्ठावीसशे. हे माह्या मायचं कर्ज आहे. दर्यापुरात लोकाईच्या पोट्ट्याईचे नाकं पुसून ते फेडणार आहे ते. तिनं आंगठी तिच्या जवायाले देल्ली, तिच्या जवायानं तुमाले देल्ली. आता आंगठी तुमी घेतली तं हप्ता भी तुमीच घ्या. आठ तारीख असते."

पियुषनं फोटो नीट वाचला, बोटानं मोठा करून वाचला, हप्त्यांच्या कागदाची त्याला सवयच आहे. मग हसला.

"वयनी लय मजाक करतात," म्हणाला, आणि अंगठी घातली. त्याच्या बोटात ती बरोबर बसली.

आचल हळू आवाजात म्हणाली, "नका ना घेऊ."

"आता घातली ना," तो म्हणाला आणि धोंडा फोडला.

सासरे खुशालराव, जे चार वर्षांत कर्जाबद्दल एक शब्द बोलले नव्हते, ते तेव्हा बोलले. म्हणाले, "नीलम, जवायाले तूप आण."

मी तूप आणलं नाही. पायलला उठवलं, तिचं ताट घेतलं आणि आम्ही दोघी ओट्यावर जाऊन जेवलो. आतून सासूबाईंचं सुरू झालं, संस्कार, माहेर, तोंड, सगळं. रोहित आपला जेवत होता. माझ्या मनातून तो माणूस त्या जेवणातच उतरला, आणि त्यासाठी मला रडूही आलं नाही.

सोमवारी शफीकभाईंनी नोटा मोजून दिल्या, वहीवर माझी सही घेतली आणि दुकानातला एक माणूस माझ्यासोबत पतसंस्थेपर्यंत पाठवला. एकेचाळीस हजार भरले. निलचा दाखला मिळाला, तारणाला दिलेले कोरे धनादेश परत मिळाले, ते मी तिथंच फाडले. काउंटरवरचा क्लार्क खूश होता. मॅडम, तुमचं रेकॉर्ड आता चांगलं झालं, पाच लाखांपर्यंत लगेच होते. मग सहज म्हणाला, तुमचे सासरे मागच्या आठवड्यातच घरदुरुस्तीचा फॉर्म घेऊन गेले, तुमची पगाराची पावती तेवढी जोडायची आहे.

म्हणजे जुनं कर्ज फिटायच्या आधीच नव्याचा कागद घरात येऊन पडला होता, माझ्या पावतीची वाट बघत. पलंगाखाली, देव्हाऱ्यात, कुठं ठेवला असेल कोण जाणे. मी क्लार्कला सभासदत्व रद्द करायचा अर्ज मागितला. त्याला कळेचना. चांगला सभासद कोणी सोडते का मॅडम, घरी विचारून घ्या एकदा. मी म्हटलं, कर्ज देताना घरी विचारलं होतं का? मग त्यानं अर्ज दिला. शेअरचे साडेतीन हजार परत मिळाले. ते घेऊन मी आठ तारखेला दर्यापूरच्या बसमध्ये बसले.

आई दारातच होती. पाणी दिलं आणि पहिलं विचारलं, "जवायाले बसली का आंगठी?"

मी सांगितलं. अंगठी कोणाच्या बोटात आहे, कशी गेली, सगळं. मला वाटलं ती रडेल, शिव्या देईल. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "पण तुह्या सासूले हे तं समजलं ना, का कौशल्यानं सोनं देल्लं?"

सासूचा मला राग येतो, आईची मला त्या क्षणी शिसारी आली. बारा वर्षं एकटी कमावून खाणारी बाई. मी म्हटलं, चाल, गटाची बैठक आहे ना, हप्ता मी भरते, पण कशाचा आहे ते तिथं सगळ्यांसमोर सांगून भरते. ती घाबरली. बायाईपुढं कायले सांगते वो, म्हणत मागे मागे आली.

समाजमंदिराच्या सतरंजीवर अकरा बायका होत्या. मी अठ्ठावीसशे मोजून ठेवले आणि सांगितलं, हा धोंड्याच्या अंगठीचा हप्ता आहे, अंगठी अकोल्याला आहे. आई भिंतीकडे तोंड करून बसली. एक बाई म्हणाली, माह्यानं तं मोबाईल मांगला. दुसरी म्हणाली, माह्यानं कूलर.

चंदाताईनं पावती लिहिली आणि नोंद करायला रजिस्टर उघडलं. मी वाकून पाहिलं. आईच्या नावापुढं, कर्जाचं कारण, दोन शेळ्या. खाली मोबाईलवालीचं नाव, शेळ्या. कूलरवाली, शेळ्या. त्या महिन्यात अकरापैकी सहा बायकांनी शेळ्या घेतल्या होत्या. येताना मी ती अख्खी गल्ली चालून आले होते, लेंडीसुद्धा दिसली नव्हती.

मी म्हटलं, चंदाताई, आईच्या नावापुढं शेळ्या खोड आणि जावई लिही.

चंदाताईनं पेनाचं टोपण लावलं. "असं कारण बँकेत चालत नाही बाई," ती म्हणाली, आणि पावती फाडून माझ्या हातात दिली.