एल्विन फिनिश झाला

निरोप फोनवर आला. तो घेणारी लिनेट म्हणजे डॅफ्नीची सख्खी भाची. डॅफ्नीचा नवरा एल्विन वर्षभर शहरात डायलिसिसवर होता. तिथली नर्स घाईत म्हणाली, "एल्विन फिनिश झालाय, बायकोला कळवा," आणि तिने फोन ठेवला.

इंग्रजीला शब्दांची एवढी टंचाई का, कोण जाणे. शहरात पाव फिनिश होतो, शर्यत फिनिश होते, टेबलाला पॉलिश केल्यावर येते तीही फिनिशच. इथे वाळवंटात, लाल मातीवरच्या आदिवासींच्या या मूठभर घरांत, माणूस फिनिश होतो, म्हणजे मरतो, तो एकदाच.

डॅफ्नीने केस कापले, अंगाला पांढरी माती फासली. एल्विनचं अंथरूण, टोपी, अर्धवट कोरलेली लाकडी परात, सगळं जाळलं. घराला पाल्याचा धूर दिला. आणि रिवाजाप्रमाणे त्याचं नाव बंद झालं. गेलेल्याला नावाने बोलावून मागे ओढायचं नसतं. जन्मभर त्याला अंगणातून हाका मारणाऱ्या डॅफ्नीला ते फार जड गेलं. नाव घशाशी यायचं आणि ती गिळून टाकायची.

आणि टपालाच्या विमानातून एल्विन उतरला. पार वाळला होता, पण स्वतःच्या पायांनी चालत आला. लोक लांबच उभे राहिले. कुणी हाक मारेना.

"मावशी, ती नर्स तसंच बोलली गं. आईशप्पथ," लिनेट रडायला लागली.

एल्विन राखेपाशी बसला. "टोपीपण जाळलीस?"

"तीच आधी जाळली. वास मारायची." डॅफ्नी त्याच्यासमोर बसली. "ती नर्स खोटं बोलली का रे?"

"नाही. मीच तिला सांगितलं, ते मशीन बास आता, फिनिश. तेच तिने कळवलं." तो काडीने राख चाळवत होता. "आता मीही होणार. म्हटलं, घरी जाऊन व्हावं."

डॅफ्नीचं एवढं रडून झालं होतं, ते सगळं पुन्हा रडायचं होतं. तिला त्याचा मनापासून राग आला.

"हाक मार ना मला," तो म्हणाला. "आल्यापासून कुणी नाव घेतलं नाही. मेल्यासारखं वाटतंय."

लोक बघत होते.

"एल्विन," ती म्हणाली. मग पलीकडच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात, "ए एल्विन."

नाव पुन्हा बंद व्हायच्या आत जितकं घेता येईल तितकं घ्यायचं, असं तिने ठरवून टाकलं. समोरच बसलेल्या माणसाला ती चहा ठेवतानाही हाका मारत राहिली, आणि तो दर हाकेला ओ देत राहिला.