पिवळ्या कव्हरचा फोन

त्याने खुर्ची उचलली, भिंतीशी नेऊन ठेवली, दाराकडे तोंड येईल अशी वळवली आणि मगच बसला. टेबलाभोवतीची मंडळी एकमेकांकडे पाहून हसली. ऑफिसात त्याचं नाव ‘फौजदार’ पडलं होतं ते काही उगाच नाही. माणूस पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागातून आला होता आणि सवयी तिथे जमा करून आला नव्हता.

“सर, या मुलाखतीचं रेकॉर्डिंग कुठंय?” मॅडमनी विचारलं.

“रेकॉर्डिंग नाही.”

“टिपणं?”

“डोक्यात आहेत.”

“निदान बोललेल्या बाईंचं नाव?”

“नाव मिळणार नाही. माणूस खात्रीचा आहे.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या त्याच्या वरिष्ठ, तरी वयाने त्याच्याहून पंधराएक वर्षांनी लहान होत्या, मनाच्या वाईट मुळीच नव्हत्या. पण बोलताना समोरच्याला इयत्ता चौथीत बसवायची त्यांची रीत होती. “सर, तुम्ही प्रॉडक्ट मॅनेजर आहात. ॲपमध्ये काय असावं हे तुम्ही ठरवणार, पण कशाच्या जोरावर? कोणीतरी कानात सांगितलं म्हणून?”

फौजदाराच्या कानशिलावरची शीर उडली. आजवर वरिष्ठांनी त्याला ‘बातमी पक्की का?’ एवढंच विचारलं होतं. ‘कोणी दिली?’ हे विचारणं म्हणजे जेवायला बसलेल्याला ताटावरून उठवणं. इथे मात्र आठ महिने तो रोज ताटावरून उठत होता.

बातमी साधी होती. त्यांचं ॲप वापरणारी एक संस्था, घरोघरी आजाऱ्यांच्या सेवेला बायका पाठवणारी. प्रत्येक घरी पाऊण तास. तेवढ्यात ‘भेट पूर्ण’ हे बटण दाबलं नाही, तर पुढची भेट ॲपवर लाल, म्हणजे उशिराची, होते आणि पगार कापला जातो. आता अंथरुणावरच्या माणसाला अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची, हे पाऊण तासात बसवणारा अजून जन्मायचा आहे. म्हणून बायका वेळेवर बटण दाबत आणि मग उरलेलं काम फुकट करत. फौजदाराचं मागणं एवढंच, की ॲपमध्ये आणखी एक बटण द्या, ‘अजून वेळ लागेल’ म्हणून, आणि त्या वेळेचे पैसे त्यांना मिळू द्या.

“उंटावरून शेळ्या हाकतोय आपण,” तो म्हणाला.

“असेलही, पण शेळ्यांनी तसं सांगितल्याचा पुरावा हवा,” मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. डिझायनर मुलगी तेवढी हसली नाही.

*

खात्रीचा माणूस त्याच्याच घरी येत असे.

आई पडली, कमरेखालचं अंग गेलं, तेव्हाच त्याने खातं सोडलं होतं. संध्याकाळी घरी येता येईल अशी नोकरी हवी होती. शिवाय, वीस वर्षं तो शेजारपाजाऱ्यांना ‘विम्याचं काम करतो’ असं सांगत आला होता. आता खरं सांगता येईल, याचंही त्याला मनातून अप्रूप होतं. आईच्या सेवेला त्याच संस्थेची एक ताई येई. ऑफिसात हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. घरचं घरात ठेवायची सवय.

एकदा तो लवकर घरी आला. ताईचा फोन खिडकीत होता. संस्थेने दिलेला, रस्त्यापलीकडूनही ओळखू येईल अशा पिवळ्या कव्हरचा. पडद्यावर लिहिलेलं, ‘भेट पूर्ण’. आणि ताई तर आईला भात भरवत होती.

त्याने काही विचारलं नाही. पाणी प्यायला, खुर्चीत बसला, उन्हाळ्याबद्दल बोलला. विचारल्यावर माणूस आखडतो. गप्प बसलं की आपसूक बोलतो. ताई बोलली. सगळ्या जणी असंच करतात, म्हणाली. मग हातातला घास थांबवून म्हणाली, “दादा, हे कुठं बोलू नका. काम जाईल माझं. घरात कमावणारी मी एकटीच.”

“तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही.”

“त्याच्या पोटात गोष्ट गेली की विहिरीत दगड गेला,” आई मध्येच म्हणाली. “सुनेला विचार माझ्या. लग्नानंतर दोन वर्षं तिला वाटायचं, आपला नवरा विम्याचे हप्ते गोळा करतो.”

*

पुरावा हवा काय? ठीक. गुप्तवार्तेचा पहिला पाठ असा, की एका तोंडाच्या बातमीवर पाऊल टाकायचं नाही. दुजोरा दुसरीकडून आणायचा. आणि असा, की त्याचा माग काढत कोणी पहिल्या माणसापर्यंत पोचता कामा नये.

त्याने आकडेवारी सांभाळणाऱ्या माणसाला गाठलं. फोन कुठं आहे हे ॲपला कळतंच. तर मग ‘भेट पूर्ण’ दाबल्यानंतर फोन कुठं असतात, ते नकाशावर मांड, म्हणाला. नावं वगळून मांड.

नकाशा आला. शहरभर गल्लोगल्ली ठिपके, सगळे भेट संपलेल्या घरातच बसलेले. ताई त्या शेकडोंत कुठंतरी होती आणि कोणाला म्हणून सापडणार नव्हती. त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी शीळ घालत घरी गेला.

संस्थेच्या लोकांना मॅडमनी तोच नकाशा दाखवला. तेही खूश झाले. इतके, की फौजदाराला आधी बरं वाटलं आणि मग शंका आली.

“आमचा संशय खरा निघाला,” संस्थेचे व्यवस्थापक म्हणाले. “भेट संपवून तिथंच बसतात. घरच्यांकडून वरकमाई करत असणार. यांना आपोआप ताकीद जाईल असं करा. तीन ताकिदी झाल्या की घरी.”

“पण नावं काढलीत ना यातली?” डिझायनर मुलीने विचारलं.

“नावं आहेत की आमच्याकडे.”

फौजदार बोलला, खूप बोलला. आवाज चढवून बोलला. आईचं नाव न घेता अंथरुणावरच्या माणसाची अंघोळ कशी असते तेही बोलला. व्यवस्थापकांनी सगळं ऐकून घेतलं आणि ताकीद सोमवारपासून सुरू होईल का, एवढं विचारलं.

ते गेल्यावर तो मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिला. “मी हे यासाठी नव्हतं दिलं.”

“मला माहीत आहे, सर. पण माहिती एकदा दिली की ती आपली राहत नाही.” मॅडमही थकल्या होत्या. “तुमच्या खात्यात वेगळं होतं का?”

तिथे तो अहवाल पाकिटात घालून वर पाठवत असे. वर गेल्यावर त्याचं काय होतं, हे विचारायची पद्धत नव्हती. त्यानेही कधी विचारलं नव्हतं.

“मग ‘अजून वेळ लागेल’चं बटण?”

“पुढच्या तिमाहीत बघू. तोवर ताकिदीचा मजकूर तुम्ही लिहून द्या. तुमची भाषा चांगली आहे.”

खात्यात बातमी खोटी निघाली की बोलणी बसत. इथे खरी निघाली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मजकूर त्याने दोन दिवस अडवून धरला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कोणीतरी लिहिला, आणि तो अशुद्ध होता.

*

पुढच्या आठवड्यात त्याने दुपारनंतर रजा काढली आणि घरी आला. आईचे केस धुवायचा दिवस होता. ओले केस पाठीवर मोकळे, ताई मागे बसून गुंता सोडवतेय, आणि खिडकीतला पिवळा फोन थांबून थांबून किरकिरतोय.

“पोरी, त्याला भूक लागली असेल बघ,” आई म्हणाली.

“भूक माझ्या नोकरीची आहे, आजी.” ताईने फणी भराभर ओढली. आईने डोळे मिटून घेतले, पण हूं की चूं केलं नाही. “दोन ताकिदी झाल्या, दादा. कोणी हे डोक्यातून काढलं देव जाणे. आता बटण दाबलं की निघायलाच हवं. केस ओले राहतील, आजींची पाठ पुसायची राहील. वहिनी शाळेतून आल्या की त्यांना सांगा.”

“मी पुसतो,” तो म्हणाला.

“गप रे,” आई म्हणाली. “मला लाज नाही वाटायची होय?”

ताई उठली. फणी आईच्या मांडीवर ठेवली, केस टिपायचं ओलं फडकं दोरीवर टाकलं, फोन घ्यायला खिडकीकडे वळली. फौजदार तिच्या आधी तिथे पोचला होता.

“पुढची भेट कुठं आहे?”

“शाळेमागच्या गल्लीत. का?”

त्याने ‘भेट पूर्ण’ दाबलं आणि फोन शर्टाच्या खिशात टाकला.

“मी पुढं होतो. सावकाश जाईन, तुमच्या चालीनं. तुम्ही आईचं आटपून या.”

ताई पुन्हा खाली बसली आणि फणी उचलली.

“आणि वेणी घाल,” आईचं बोलणं त्याला जिन्यात ऐकू आलं. “त्याला चालायची सवय आहे. आयुष्यभर लोकांच्या मागंच चाललाय.”

रस्त्यात तो सवयीने दुकानांच्या सावलीतून चालला. कोपऱ्यावर थांबला, काचेत मागचं पाहिलं, पुढे झाला. पाठलाग करताना पुढच्यापेक्षा जलद चालायचं नाही, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. पण बाईमाणूस दिवसभराच्या कष्टानंतर कसं चालतं, याचा त्याने कधी हिशेब केला नव्हता. त्याने पावलं आखूड केली.

शाळेमागच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान होतं आणि समोर सिमेंटचा बाक. बाकावर घरातल्या चपला घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून पिवळं कव्हर डोकावत होतं. पलीकडे, विजेच्या खांबाला टेकून, एक बाई भाजीची पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत कोथिंबीर, आणि कोथिंबिरीत पिवळं काहीतरी.

म्हाताऱ्यांनी आधी फौजदाराचा खिसा पाहिला, मग चेहरा.

“नवीन दिसताय.”

“हो.”

“आम्ही पहिल्या दिवसापासून आहोत. माझी बायको झोपून आहे. तुमचं कोण?”

“आई.”

“असं.” त्यांनी सरकून जागा केली. “आयुष्यात कुत्रं पाळलं नाही मी, म्हटलं कोण फिरवून आणणार. आता हे फिरवतोय.” खिशावर त्यांनी हलकेच थोपटलं. “ज्यानं हे काढलं त्याच्या घरी कोणी आजारी नसावं.”

फौजदार उभाच होता.

“बसा की. तुमच्या ताईंना अजून वेळ लागेल. आणि तुम्ही काय करता?”

समोर औषधांच्या दुकानात कोणीतरी शटर अर्धं ओढलं. फौजदाराने खिशातला फोन चाचपला, तो गरम झाला होता.

“विम्याचं काम करतो,” तो म्हणाला.

आणि रस्त्याकडे पाठ करून त्यांच्याजवळ बसला.