अठ्ठ्याऐंशी नंबरचं पत्र

जेद्दाच्या एका शौकीन व्यापाऱ्याने लंडनच्या लिलावात इंग्रज नटनट्यांची शंभर वर्षांपूर्वीची पत्रं विकत घेतली होती. एकूण दोनशे बारा. ती वाचून टाइप करायचं काम किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीतल्या एका छोट्या कंपनीकडे आलं, आणि कंपनीने ते सकिना मुकादमला दिलं. सकिना हर्णैची. नवरा शारीक तिथल्याच बंदरावर क्रेनच्या वर्कशॉपमध्ये होता.

पत्रांत मोठं काही नसायचं. कुणी दौऱ्याच्या करारात गाडीभाडं मागितलेलं, कुणी चहाचं आमंत्रण नाकारलेलं, कुणी मैत्रिणीसाठी फुकट पास मागितलेला. लिडिया हॅरोवे नावाची एक नटी दर गावच्या घरमालकिणीबद्दल तक्रार करायची. सकिनाला या बाईची सवय झाली होती.

२०१४च्या फेब्रुवारीत अरवा नावाची सौदी मुलगी कामाला आली. सौदी माणसं भरली नाहीत तर कंपनी सरकारच्या लाल यादीत जाईल, मग परदेशी माणसांपैकी कुणाचाच इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढणार नाही, असं मॅनेजर उमाकांत सरांनी सांगितलं होतं. बायकांच्या खोलीत आता दोघी, आणि त्या खोलीच्या किल्ल्याही दोनच. सकिनाने अरवाला काम शिकवायचं होतं. सकिनाचा इकामा जूनमध्ये संपत होता. शारीकला यात वेगळं काही सांगावं लागलं नाही. आधी शिकवायला लावतात, मग एखादी चूक काढून घरी पाठवतात, त्याच्या वर्कशॉपमधले दोघे असेच गेले, एवढंच तो म्हणाला.

एप्रिलमध्ये एका सोमवारी अठ्ठ्याऐंशी नंबरचं पत्र फाइलमध्ये नव्हतं. सकिनाने तीनदा पाहिलं. बुधवारी ते जागेवर होतं आणि एकशे तीन नंबरचं गायब होतं. त्यानंतर ती रोज अरवा यायच्या आत फाइल तपासू लागली. रोज एक पत्र कमी, आणि आधीचं परत आलेलं.

मग तिला बाकीच्या गोष्टीही दिसायला लागल्या. अरवा कधी तिच्यासमोर टाइप करत नसे. स्क्रीन भिंतीकडे वळवून बसे. पत्र हातात दिलं की म्हणे, तुम्ही मोठ्याने वाचा ना, मिस सकिना, ऐकायला बरं वाटतं. सकिना वाचत असताना अरवाचा फोन टेबलावर पालथा ठेवलेला असे. एकदा तो थरथरला म्हणून अरवाने उचलला, तेव्हा सकिनाला रेकॉर्डिंगचा लाल ठिपका स्पष्ट दिसला.

आपले उच्चार कुणाला तरी ऐकवत असणार, असं तिला वाटलं. किंवा पत्रं हरवल्याचं आपल्या माथी मारणार. गुरुवार हा आठवड्यातला कामाचा शेवटचा दिवस होता. चार वाजता तिने उमाकांत सरांना मेल केली की पत्रं खोलीबाहेर जात आहेत. नाव लिहिलं नाही. किल्ल्या दोनच आहेत, हे मात्र लिहिलं.

रविवारी ती पोचली तेव्हा अरवा आधीच खोलीत होती. अबायाचा काळा झगा अंगातच, बॅग मांडीवर. ऑफिसातून तिच्या वडिलांना फोन गेला होता आणि अकरा वाजता चौकशी होती. तिने बॅगेतून एक पत्र काढून टेबलावर ठेवलं, आणि त्याशेजारी वह्यांची जाड चळत. प्रत्येक पानावर पेन्सिलीने एकच शब्द वीस-वीसदा गिरवलेला होता.

"मला हे वाचता येत नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "जोडून लिहिलेली इंग्रजी अक्षरं आम्हाला कुणी शिकवलीच नाहीत. मी फक्त टाइप केलंय. मुलाखतीत येतं म्हणून सांगितलं."

रेकॉर्डिंगबद्दल सकिनाने विचारलं. घरी पत्र समोर ठेवून ती ऐकायची, आवाजावरून अक्षर ओळखायची, असं अरवा म्हणाली.

"मग फोटो का नाही काढलेस?"

"फोटो काढायचा नाही, अशी पत्रांच्या मालकाची अट आहे ना."

सकिना वह्या चाळत राहिली. एवढं गिरवणं कुणी एका रात्रीत करत नाही, हे तिला कळत होतं. तरी रडवेला चेहरा कुणालाही करता येतो, हेही मनात येत होतं. अरवा गेली तर दुसरी सौदी मुलगी मिळेपर्यंत कंपनीला आपली गरज राहील. कदाचित वर्षभर. तिने पत्रं मोजली. दोनशे बारा भरली.

पावणेअकराला तिने उमाकांत सरांना फोन लावला. सगळी पत्रं जागेवर आहेत, माझीच मोजायला चूक झाली, असं सांगितलं.

ते म्हणाले, "सकिना मॅडम, तुम्ही अशा चुकत नाही. पण असं असेल तर लेखी द्या."

तिने लेखी दिलं. त्या दिवसापासून पत्र खोलीबाहेर गेलं नाही. रोज जेवणानंतर तासभर ती अरवाला शिकवू लागली, आधी लिडिया हॅरोवेची पत्रं, कारण तिचं अक्षर सुटसुटीत होतं. पण पहिले काही आठवडे सकिना फाइल मोजायची सोडत नव्हती, आणि अरवाला ते दिसत होतं.

जूनमध्ये इकामा वाढला नाही. उमाकांत सरांनी कोट्याचं कारण दिलं. चूक कबूल केल्याचा तो कागद आडवा आला का, असं सकिनाने सरळ विचारलं.

"नाही हो," ते म्हणाले, पण तिच्याकडे न पाहता. तिने विश्वास ठेवला नाही. शारीकनेही नाही. त्याने मात्र तू असं का केलंस, हे एकदाही विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी पत्रं अरवाच्या ताब्यात द्यायची होती. अरवा एकेका पत्राची पहिली ओळ वाचायची आणि सकिना यादीवर खूण करायची. दुपारपर्यंत दीडशे झाली. एका म्हाताऱ्या नटाचं अक्षर फार गिचमिड होतं. अरवा तिथे अडली, तिने सकिनाकडे पाहिलं. सकिनाने पेन खाली ठेवलं, पण वाचून दाखवलं नाही. दोन-तीन मिनिटं गेली. मग अरवाने हळूहळू ओळ लावली. आजारी असल्यामुळे रविवारच्या जेवणाला येता येणार नाही, क्षमस्व. बरोबर होतं.

सकिनाने खूण केली आणि पुढचं पत्र तिच्या हातात दिलं.