लोणचे यांची पेनल्टी

हॅल्डरशॉ टाउन खालच्या विभागात गेलं. शेवटच्या सामन्यात बरोबरी, शेवटच्या मिनिटाला मिळालेली पेनल्टी बाहेर, खेळ खलास. मनालीने मोबाइल ओट्यावर पालथा घातला, त्यावर पोळपाट ठेवला आणि असं काही घडलेलंच नाही, हे ठरवून टाकलं.

कुणी विचारलंच असतं, तर सामना अजून व्हायचा होता. आज संध्याकाळी, दिवेलागणीला, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. तो एकोणीसशे आठ साली इंग्लंडात एकदा होऊन गेला होता, ही गोष्ट वेगळी.

"काय लपवतेयस गं?" शैलाने, तिच्या आईने, मोरीतून विचारलं.

"पोळ्या करतेय."

"पोळपाटाखाली?"

मनालीने उत्तराऐवजी कणीक मळायला घेतली. ती सकाळीच मळून झालेली होती.

याचं मूळ होतं एका पितळी पट्टीत. मनालीचे आजोबा राजाराम, ज्यांना सगळी चाळ नाना म्हणायची, ते लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात कामाला होते. त्यांच्या साच्यावर, म्हणजे मागावर, एक पट्टी ठोकलेली होती आणि तिच्यावर इंग्रजीत काहीतरी कोरलेलं होतं. पहिल्याच पाळीला जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, ते वाचून दाखवलं: हॅल्डरशॉ. "हे तुझ्या साच्याचं माहेर," तो म्हणाला. नानांनी ते मनावर घेतलं. साचा रुसला, धागा तुटायला लागला, की ते त्याला म्हणत, "माहेरी पाठवीन हां." पुढे गिरणी बंद पडली, साचे भंगारात गेले, तिथे टॉवर उभा राहिला. माहेरचं नाव तेवढं नानांच्या तोंडात राहिलं.

गेल्या वर्षी मनालीने ते नाव सहज मोबाइलवर टाकून बघितलं. गाव खरंच होतं. गावाला फुटबॉलचा क्लबही होता आणि तिथल्या वाचनालयाने त्या क्लबच्या एका हंगामाच्या बातम्या, जुन्या पेपरांतून कापून, सगळ्यांसाठी ठेवून दिल्या होत्या. नाना म्हणाले, "वाच." मनाली वाचायला लागली तसा त्यांनी हात वर केला. "सगळं नको. शनिवारी एक."

तेव्हापासून दर शनिवारी एक सामना. मनाली इंग्रजीतून बघून मराठीत सांगायची आणि गॅलरीला कबड्डीच तेवढी ठाऊक असल्यामुळे हॅल्डरशॉची माणसं चढाई करायची, पकडीत सापडायची आणि अधूनमधून बाद व्हायची. पिकल्स नावाचा त्यांचा मुख्य खेळाडू पहिल्याच आठवड्यात लोणचे झाला. लोणचे कुडाळकडचे असावेत, असं एका घराचं मत होतं. गुणतक्ता जिन्याजवळच्या फळ्यावर लिहिला जाई, पाणी किती वाजता जाणार त्याच्या खाली.

नियम एकच होता: पुढचं कुणी बघायचं नाही. ज्या चाळीत शेजारची भाजी फोडणी पडायच्या आधी कळते, तिथे हा नियम पाळला जात होता. निदान सगळे तसं म्हणत होते.

मनालीनेच तो मोडला. संध्याकाळचं वाचन आधी एकदा बघून ठेवावं, अडखळायला नको, इतकाच हेतू होता. एरवी तिने निकाल खुशाल वाचून दाखवला असता. पण मध्ये खुर्ची होती.

गॅलरीच्या टोकाला नानांची लाकडी आरामखुर्ची होती. समोर दोन टॉवर झाल्यापासून चाळीत वारा यायचा तो त्या दोघांमधल्या फटीतून, आणि थेट त्या खुर्चीवर. गुडघे गेल्यापासून नाना जिना उतरत नव्हते. खुर्ची हेच त्यांचं बाहेर. दिवाळीत हॅल्डरशॉ ओळीने हरत असताना शेजारचे गणपतकाका, मूळचे मालवणचे आणि अजूनही मनाने तिथेच, दारात उभं राहून म्हणाले होते, "नाना, तुझी टीम बुडतली."

"टिकली तर?"

"टिकली तर रोज सकाळी तुझो पेपर मी आणतलंय."

"आणि बुडाली तर ही खुर्ची तुझी," नाना म्हणाले होते. "कायमची."

शब्द गेला. चाळीत शब्द परत घ्यायची सोय नाही.

संध्याकाळी गॅलरी भरली. पाट आले, स्टुलं आली, एक उलटी बादली आली. शैलाने शेंगदाणे भाजून आणले. नाना खुर्चीत बसले होते, पण अंगाखालची नेहमीची चपटी उशी नव्हती आणि खुर्ची कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून लख्ख केली होती. शेवटच्या सामन्याचा मान म्हणून असेल, मनालीला वाटलं.

"वाच गो," गणपतकाका म्हणाले.

मनालीने वाचलं. मैदानात चिखल. समोरच्यांचा गोल. मग लोणचेंची चढाई, मध्ये दोघे आडवे, तरी बरोबरी. बादलीवरची बाई उठून उभी राहिली.

"शेवटचं मिनिट," मनाली म्हणाली. "पेनल्टी. हॅल्डरशॉला."

शेंगदाणे खायचे थांबले.

"मारणार कोण?" शैलाने विचारलं.

"लोणचे."

मनालीने पडद्याकडे बघितलं. तिथे जे छापलं होतं, ते शंभरावर वर्षं तसंच होतं आणि त्यात बदल व्हायची काही लक्षणं दिसत नव्हती. मग तिने नानांकडे बघितलं. त्यांचा तळवा खुर्चीच्या हातावरून पुढे-मागे फिरत होता, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"आणि गोल," मनाली म्हणाली.

असा आवाज झाला की खालून वॉचमनने आग लागली का विचारलं. कुणीतरी ताट वाजवलं. शैलाने मुलीला पोटाशी धरलं, जणू पेनल्टी तिनेच मारली होती. फळ्यावर हॅल्डरशॉ एक ओळ वर चढलं. नाना नुसते बसून होते. हसत होते, पण जरा बुचकळ्यात पडल्यासारखे.

गणपतकाकांनी एका शेंगदाण्याचं साल सावकाश काढलं.

"लोणच्यान मारली?"

"हो, काका."

"खंयच्या कोपऱ्यात?"

"डाव्या."

"हां." साल फुंकरीने उडालं. "वारो असतलो त्या दिवशी. माका वाटला, भायर गेली."

मनालीच्या हातातला मोबाइल घसरता घसरता राहिला. काकांच्या नातीला, ओवीला, नवा मोबाइल मिळाला होता तो दिवाळीतच. पैज लावण्याच्या आदल्या दिवशी.

काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. "नाना," ते म्हणाले, "पेपर सकाळी किती वाजता होयो?"

"तू उठशील तेव्हा."

"म्हणजे धा वाजता."

"बातम्या काय पळून जातात?" नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेल्यावर गणपतकाका शब्दकोडं अर्धं सोडवलेला पेपर घेऊन आले आणि कठड्याला टेकले. नानांनी तो बाजूला ठेवला आणि मनालीला हाक मारली.

"कागद घे. अर्ज लिहायचाय. तिकडच्या लीगला."

"कशाबद्दल?"

"तू लिही. नंतर इंग्रजी कर." त्यांनी घसा साफ केला. युनियनचे अर्ज सांगायचे त्या आवाजात ते सुरू झाले. "प्रति, माननीय सचिव. विषय, श्री. लोणचे यांच्या पेनल्टीबाबत. महोदय, सदर चेंडू बाहेर गेल्याची नोंद आपल्या दप्तरी आहे..."

मनालीचं पेन थांबलं.

"नाना, तुम्हाला..."

"'दप्तरी आहे' झालं?"

"झालं. पण कधीपासून?"

नाना खुर्चीतून उठले. दारामागून त्यांनी ती चपटी उशी काढली. कालच्या वाचनाआधीच धुतलेली, वर नवा अभ्रा. अभ्रा हिरवा होता. नानांना हिरवा रंग कधी चालला नाही. हिरवं सगळं गणपतकाकांचं: दार, टोपी, टूथब्रश. उशी त्यांनी खुर्चीत ठेवली, थोपटली आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर बसले.

"बस रे गणपत. पुढे लिही, मनाली."

गणपतकाका बसले. फटीतून वारा आला. त्यांनी डोळे मिटले.

"वारो होतो, ता पण घाल त्यात," ते म्हणाले.

मनालीने वारा घातला. मग नाना सांगत गेले आणि ती लिहीत गेली:

"...तथापि आमच्या गॅलरीत सदर चेंडू आत गेलेला असून, तो उपस्थित सर्वांनी पाहिला आहे. तरी आपल्याकडील निकाल त्याप्रमाणे दुरुस्त करण्यात यावा. ते शक्य नसल्यास दोन्ही संघांस त्याच खेळाडूंनिशी पुन्हा मैदानात उतरवून, वारा पडलेला असताना, पेनल्टी नव्याने घेण्यात यावी. आपला निर्णय येईपर्यंत वादातील खुर्ची आम्ही उभयता आलटून पालटून वापरू. निर्णयास विलंब झाल्यास आमची हरकत नाही."