छबुबाईच्या गळ्यातला नाग

सिरसाळ्याजवळच्या त्या वस्तीवर मंगळवारी सकाळपासून माणूस मावत नव्हतं. छबुबाईच्या गळ्यात नाग शिरलाय आणि गहिनीनाथ महाराज आज तो दाभणाने बाहेर काढणार, ही बातमी पार परळीपर्यंत गेली होती. नाग दिसतही होता. गळ्याच्या खालच्या खळगीत, कातडीखाली, काहीतरी टपटप उडत होतं.

गर्दीतून वाट काढताना डॉ. आम्रपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आठ दिवसांपूर्वी सरकारी दवाखान्यात तिनेच या बाईची तपासणी केली होती आणि मुलाला, नवनाथला, रिपोर्ट समजावून सांगितला होता. पठ्ठ्याने तो घडी करून खिशात ठेवला आणि आईला इथं आणलं.

महाराजांनी छबुबाईला पिंपळाभोवती अकरा फेऱ्या पळायला लावल्या. साठी उलटलेली बाई धापा टाकत बसली. महाराज पुटपुटले आणि नाग दुप्पट वेगाने उडू लागला.

"मंतर लागला. जागा झालाय," म्हणत महाराजांनी निखाऱ्यातलं दाभण उचललं. नवनाथने आईचं डोकं मागे धरलं.

आम्रपाली मध्ये शिरली. "थांबा. नवनाथ, एक हात आईच्या गळ्यावर ठेव, दुसऱ्यानं तिची नाडी धर. काय लागतंय?"

"दोनी एकदमच उडायलेत," नवनाथ चाचरला.

"कारण ती रक्ताची मोठी नळी आहे. बहुतेकांच्या छातीत असते, तुझ्या आईची थोडी वर गळ्यात आलीय. असं क्वचित असतं, त्रास काही नाही. पण दाभण लागलं, तर दवाखाना गाठेपर्यंत आई राहणार नाही."

"मग मंतर म्हणल्यावर त्यो जोरात का उडला?" महाराजांनी विचारलं.

"तुम्हीच पळून बघा की."

भक्तांसमोर नाही कसं म्हणणार? पोट सावरत महाराज पळाले आणि पाचव्या फेरीला मटकन बसले. नवनाथने त्यांचं मनगट धरलं. "हितंबी नाग जागा झालाय."

"मग आधी हा काढू," आम्रपाली म्हणाली. "द्या दाभण."

महाराजांनी झटक्यात हात ओढून घेतला. गर्दी खो खो हसली.

"हसताय काय?" आम्रपाली कडाडली. "मघाशी हात जोडून उभे होतात. पळाल्यावर छाती धडधडते, हे तुमच्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं? एकानं तरी विचारायचं होतं."

छबुबाई हसली नव्हती. ती दाभणाकडे बघत होती.

"त्यो तर परका हाय," ती नवनाथला म्हणाली. "पर माजं डोकं तू धरलं व्हतंस."