ओल्या रंगातली शेवंती

शेवंतीचं तैलचित्र पुरं झालं आणि दिल्ली कँटमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये मी ते भिंतीला टेकवून वाळत ठेवलं. पाकळी न् पाकळी मी रेखली नव्हती. सुरीने पिवळा रंग थापला होता, कुठे कुठे बोटांनीही. नवरा ड्यूटीवरून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "अच्छा है. पण शेवंती एवढी वेडीवाकडी असते का?" मी त्याला बिनसाखरेचा चहा दिला.

सासूबाई साताऱ्याकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या चित्राजवळ गेल्या, नाकाला पदर लावला आणि वाकून बघू लागल्या. म्हटलं, आता यांचंही ऐकून घ्यायचं.

"आई, रंगाचा वास येतोय का? खिडकी उघडते."

"नाही गं. ही फुलं देवासाठी काढलीस का?"

"नाही, हॉलमध्ये लावायला."

"मग हरकत नाही. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून नाक झाकलं होतं."

त्यांनी पदर सोडला, डोळे मिटले आणि मधल्या टपोऱ्या शेवंतीला नाक लावलं.

रंग अजून ओला होता. संध्याकाळी त्यांनी दिवा लावला, आरती म्हटली, शेजारणीशी गप्पा मारल्या, आणि नाकाच्या शेंड्यावर पिवळा ठिपका तसाच होता. नवरा सांगायला उठला, तर मी त्याला डोळ्यांनीच खाली बसवलं. माझ्या चित्राला मिळालेली ती पहिली दाद होती. ती मी इतक्यात पुसू देणार नव्हते.